दुर्बिणीतून दीर्घिका: प्रत्यक्षात काय दिसतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आकाशदर्शनाच्या रात्री शनी दाखवला की लोक खूश होतात, चंद्र दाखवला की त्याहून खूश. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलक्सी) लावून दिली की मात्र आयपीसला (डोळ्याजवळच्या भिंगाला) डोळा लावून थोडा वेळ गप्प राहतात आणि मग विचारतात, "कुठंय?" नवी दुर्बीण घेतलेल्या किंवा घ्यायच्या बेतात असलेल्या मंडळींसाठी ही उत्तरं आहेत. उंचीचे आकडे पुण्याचा अक्षांश (साडेअठरा अंश) धरून दिलेत. नागपूर किंवा पणजीला त्यात तीनेक अंशांचा फरक पडेल.

फोटोत दिसते तशी दीर्घिका दुर्बिणीतून दिसेल का?

नाही. आठ इंची आरशाच्या दुर्बिणीतून नाही, सोळा इंचीतूनही नाही. हे दुर्बीण घेण्याआधी कळलेलं बरं.

कारण दुर्बिणीत नाही, डोळ्यात आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर एकाच जागी तासन् तास उजेड साठवत राहतो. निळ्या भुजा, गुलाबी ठिपके असे जे फोटो आपण बघतो ते कित्येक तासांचे एक्स्पोजर एकमेकांवर रचून, नंतर संगणकावर उजळून केलेले असतात. डोळ्याला अशी साठवण जमत नाही. अंधारातही तो सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उजेड गोळा करतो, मेंदूकडे पाठवतो आणि पाटी कोरी करतो. त्यामुळे तासभर टक लावून पाहिलं म्हणून दीर्घिका उजळत जात नाही. नजर तेवढी सरावते.

दुर्बिणीच्या खोक्यावर हबल अवकाश दुर्बिणीचे फोटो छापणाऱ्यांनी या बाबतीत बरंच नुकसान करून ठेवलं आहे. हबलचा आरसा २.४ मीटरचा, तो वातावरणाच्या वर, आणि त्यालाही डोळा लावून कुणी बघत नाही.

मग नेमकं दिसतं काय?

देवयानीचंच (एम ३१, म्हणजे मेसियेच्या यादीतली ३१ वी वस्तू) उदाहरण घेऊ. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री ९ च्या सुमारास ती उत्तरेकडे, क्षितिजापासून सुमारे ६७ अंशांवर असते. भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनाचा ईशान्येचा तारा धरायचा, तिथून देवयानीच्या ताऱ्यांच्या ओळीने मिराक या ताऱ्यापर्यंत यायचं आणि मग शर्मिष्ठेच्या दिशेला वळून दोन अंधूक तारे चढायचे. दुसऱ्या ताऱ्याच्या शेजारी ती आहे.

आठ इंची डॉबला (डॉब्सोनियन, साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण) २५ मिमीचा आयपीस लावला की साधारण ४८ पट मोठं दिसतं. गावाबाहेरच्या चांगल्या अंधारात मधोमध एक उजळ, जवळजवळ ताऱ्याएवढा बारीक गाभा असतो. त्याच्याभोवती, थंड काचेवर फुंकर मारल्यावर उठतो तसा, कडा नसलेला करडा डाग. तो दोन्ही बाजूंना विरत विरत दृश्यक्षेत्राच्या बाहेर जातो, कारण देवयानीची लांबी आकाशात तीन अंशांच्या आसपास, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत एवढी आहे, आणि तुमच्या आयपीसमध्ये जेमतेम एक अंश मावतो. आता गाभा सोडून बाजूला बघा. एका अंगाला उजेड हळूहळू न विरता थोडा अचानक तुटल्यासारखा वाटेल. तो धुळीचा पट्टा. तो दिसला तर आकाश चांगलं आहे आणि तुमची नजरही लागली आहे असं समजायला हरकत नाही. जवळच एक छोटा गोल पुंजका असतो, घाईत बघणारे त्याला ताराच समजतात. ती एम ३२. दुसऱ्या बाजूला थोडा लांब, मोठा पण फारच फिकट अंडाकृती डाग, ती एम ११०. या दोन्ही देवयानीच्या उपदीर्घिका. म्हणजे एकाच खेपेत तीन दीर्घिका झाल्या.

हेच शहरातून बघाल तर फक्त गाभा दिसेल. तोच "कुठंय?"वाला ठिपका.

रंग दिसतील का?

नाही. मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काम थांबवतात आणि दंडपेशी कारभार हातात घेतात. त्यांना रंग कळत नाही, तांबडा उजेड तर जवळपास दिसतच नाही. मृगातल्या तेजोमेघात मोठ्या दुर्बिणीतून हिरवट छटा जाणवते. दीर्घिका करड्याच.

मोठी दुर्बीण घेतली तर दीर्घिका जास्त उजळ दिसेल ना?

इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर.

तारा बिंदूसारखा असतो. २०० मिमीचा आरसा डोळ्याच्या ७ मिमीच्या बाहुलीपेक्षा सुमारे ८०० पट उजेड गोळा करतो आणि ताऱ्याच्या बाबतीत तो सगळा एका बिंदूत येतो. म्हणून उघड्या डोळ्यांना न दिसणारे हजारो तारे दुर्बिणीत चमकतात. दीर्घिका पसरट. दुर्बीण तिचा उजेड जास्त गोळा करते, पण तो वर्धनामुळे तेवढ्याच मोठ्या जागेवर पसरवते. हिशेब असा येतो की कुठल्याही दुर्बिणीतून पसरट वस्तूचा प्रत्येक कण उघड्या डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा जास्त तेजस्वी कधीच दिसत नाही. उलट काचेत आणि आरशात थोडा उजेड वायाच जातो.

मग मोठ्या आरशाचा उपयोग काय? तेवढ्याच तेजाची वस्तू तो तुम्हाला मोठी करून दाखवतो. आणि फिकट वस्तू मोठी असली तर डोळ्याला ती सहज कळते, लहान असली तर पार्श्वभूमीत बुडून जाते. दीर्घिकांच्या बाबतीत मोठ्या दुर्बिणीचा फायदा हा, आणि तो खरा फायदा आहे: सहा इंचीत जिथे नुसता डाग असतो तिथे बारा इंचीत त्या डागाला आकार येतो.

पण आकाशाची पार्श्वभूमीही दुर्बिणीत दीर्घिकेच्याच प्रमाणात उजळ किंवा मंद होते. शहराचा उजेड आकाशात असेल तर आरसा कितीही मोठा घ्या, दीर्घिका आणि आकाश यांच्यातला फरक वाढत नाही. माझं मत विचाराल तर दीर्घिकांसाठी भंडारदऱ्याला नेलेली चार इंची ही ठाण्याच्या गच्चीवरच्या बारा इंचीपेक्षा सरस. नवा आरसा घेण्याआधी पेट्रोलवर खर्च करा.

किती पट वर्धन लावावं?

आधी सगळ्यात कमी वर्धनाने शोधा, मग वाढवत जा. लहान दीर्घिकांना ८० ते १२० पट चांगलं चालतं. वर्धन वाढलं की पार्श्वभूमी काळी होते आणि छोटे डाग उठून दिसतात. देवयानी किंवा एम ३३ सारख्या पसरलेल्यांना मात्र कमीच ठेवा. देवयानी पूर्ण बघायची असेल तर १०×५० चा साधा द्विनेत्री (बायनॉक्युलर) आठ इंचीपेक्षा जास्त आनंद देतो.

खोक्यावरचं "६७५ पट" हे विक्रीचं गणित आहे. कामाची वरची मर्यादा दर मिलिमीटर व्यासाला साधारण दोन पट, म्हणजे ७० मिमीला १४०. तेवढंही दीर्घिकांना लागत नाही.

पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून काहीच दिसणार नाही का?

थोडंफार दिसतं. देवयानीचा गाभा, एम ८१ आणि एम ८२ चे दोन पुसट ठिपके, चांगल्या रात्री एम १०४. "सापडली" एवढंच समाधान. पाहुण्यांना दाखवू नका, त्यांचा कायमचा विरस होईल. गच्चीवरून चंद्र, ग्रह, जोडतारे आणि तारकागुच्छ बघा.

जायचं कुठे, आणि कधी?

पुण्याहून वेल्ह्याच्या पुढे, मुंबईहून भंडारदऱ्याकडे. शहराचा उजेड ज्या दिशेला येतो त्याच्या विरुद्ध बाजूचं आकाश वापरता येईल अशी जागा निवडायची. विदर्भातल्यांचं नशीब थोर: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (जिथलं आकाश मुद्दाम काळं राखलं जातं) म्हणून मान्यता मिळाली. एकट्याने अनोळखी माळावर जाण्यापेक्षा संस्थांबरोबर जा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे, मुंबईकरांसाठी खगोल मंडळाचे कार्यक्रम असतात. दुसऱ्याच्या दुर्बिणीतून दहा दीर्घिका बघून मग स्वतःची दुर्बीण ठरवली तर पैसे वाचतात.

अमावास्येच्या मागचे-पुढचे चारपाच दिवस धरा. चंद्र आकाशात असताना दीर्घिका शोधणं व्यर्थ. जून ते सप्टेंबर दुर्बीण बासनात. पाऊस नुकताच गेलेला असताना हवा धुतलेली असते, ते दिवस सगळ्यात छान. पुढे थंडीत खालच्या हवेत धूर आणि धुकं साठतं, म्हणून उंचावर जावं. सह्याद्रीत डिसेंबरच्या रात्री दव इतकं पडतं की फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि आयपीस मध्यरात्रीपर्यंत पांढरे होतात. पुसू नका, ओरखडे येतात. वापरात नसलेला आयपीस खिशात ठेवा, अंगाची ऊब पुरते.

आधी कुठल्या बघाव्यात?

देवयानी झाली. जवळपास त्याच वेळी दक्षिणेकडे वळा. तिमिंगल तारकासमूहातल्या सगळ्यात ठळक ताऱ्याच्या (बीटा सेटी) खाली सातेक अंशांवर एनजीसी २५३ (एनजीसी ही अशा वस्तूंची आणखी एक यादी) आहे. कॅरोलिन हर्शेलने १७८३ मध्ये शोधलेली. युरोपातली आणि अमेरिकेतली पुस्तकं हिला फारसा भाव देत नाहीत, कारण त्यांच्याकडे ती क्षितिजाला टेकलेली असते. आपल्याकडे ती ४६ अंश वर येते. लांबट, तिरपी, आणि नीट बघितलं तर आतला उजेड एकसारखा नाही, डागाळलेला आहे हे कळतं. माझ्या मते महाराष्ट्रातून दिसणाऱ्या दीर्घिकांमध्ये देवयानीनंतर हिचाच नंबर.

मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला, सप्तर्षींच्या चौकटीच्या ध्रुवताऱ्याकडच्या अंगाला, एम ८१ आणि एम ८२. सुमारे एक कोटी वीस लाख प्रकाशवर्षांवर. कमी वर्धनात दोघी एकाच दृश्यक्षेत्रात मावतात: एक अंडाकृती आणि मऊ, दुसरी बारीक, लांब आणि मधे काळसर चिरलेली. नवख्या माणसाला "दोन वेगळ्या वस्तू आहेत" हे इथे पहिल्यांदा स्वतःहून कळतं. त्या आपल्याकडे फार वर येत नाहीत, ४० अंशांच्या आत, म्हणून उत्तर क्षितिज मोकळं हवं.

एप्रिल-मेमध्ये कन्येच्या सीमेवर एम १०४. ही ६० अंशांवर येते. आठ इंचीत, काळ्या आकाशात, मधली धुळीची रेघ दिसते. हो, खरंच दिसते. आधी कडेने चपटी झालेली वस्तू दिसेल, मग पाच मिनिटांनी कळेल की तिची एक बाजू धारदार कापलेली आहे.

मे महिन्यात दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहात एनजीसी ५१२८. उंची २८ अंश, त्यामुळे दक्षिणेचं क्षितिज स्वच्छ असेल तरच. गोल धुरकट गोळा आणि त्याला आडवा छेदणारा काळा पट्टा. तिथून साडेचार अंश खाली ओमेगा सेंटॉरी आहे. ती दीर्घिका नव्हे, आपल्याच आकाशगंगेतला तारकागुच्छ, पण तिथवर गेलात तर चुकवू नका.

एम ३३ आणि एम १०१ यांच्यामागे सुरुवातीला लागू नका. याद्यांमध्ये एम ३३ ची प्रत ५.७ दिलेली असते. प्रतीचा आकडा जेवढा लहान तेवढी वस्तू ठळक, त्यामुळे माणूस म्हणतो, ही तर सोपी! पण तो सगळा उजेड पूर्ण चंद्राहून मोठ्या जागेत पसरलेला आहे. अनेकजण दुर्बीण बरोबर तिच्यावर रोखून "इथे काही नाही" म्हणत पुढे सरकतात.

सर्पिल भुजा दिसतील?

एम ५१ मध्ये, नशीब असेल तर. सप्तर्षींच्या शेपटीचा शेवटचा तारा मरीची, त्याच्यापासून साडेतीन अंशांवर. आठ इंचीत दोन गाभे आणि त्यांच्याभोवती दोन धुरकट वर्तुळं सहज दिसतात. भुजांची वळणं दहा-बारा इंचीत, डोंगरावरच्या आकाशात, आणि तीही सलग नाहीत: कधी इथे एक तुकडा, कधी तिथे, नजर नेली की गायब.

आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये ही सर्पिलाकृती पहिल्यांदा ओळखली. तीही त्यांनी बांधलेल्या ७२ इंच व्यासाच्या दुर्बिणीतून. त्याआधी निष्णात निरीक्षकांनी हीच दीर्घिका बघितली होती, त्यांना भुजा दिसल्या नाहीत. तेव्हा पहिल्या रात्री तुम्हाला दिसल्या नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका. शिवाय आज आपल्याला भुजा आहेत हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे डोळा त्या कल्पनेनेही काढतो. शंका असेल तर बघताना कागदावर चित्र काढा आणि घरी येऊन फोटोशी ताडून बघा.

"तिरकी नजर" म्हणजे काय करायचं?

दंडपेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात, मध्यापासून १५-२० अंश बाजूला त्या सगळ्यात दाट असतात. म्हणून वस्तूकडे थेट न बघता तिच्या बाजूच्या काळ्या जागेकडे बघायचं आणि लक्ष मात्र वस्तूवर ठेवायचं. डाग एकदम उठून येतो. थेट बघितलं की मावळतो. नाकाच्या बाजूला वस्तू राहील अशी नजर वळवा, म्हणजे उजव्या डोळ्याने बघत असाल तर वस्तू नजरेच्या डावीकडे. दुसऱ्या बाजूला डोळ्यातला अंधबिंदू आडवा येतो.

तरीही दिसत नसेल तर दुर्बिणीच्या नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. हलणारा फिकट डाग स्थिर डागापेक्षा पटकन जाणवतो.

हे सगळं डोळे अंधाराला सरावल्यावरच. त्याला किमान २०-३० मिनिटं लागतात आणि व्हॉट्सअॅपचा एक मेसेज ती सगळी वाया घालवतो. तांबडा टॉर्च वापरा, तोही मंद. गटात एकाने जरी गाडीचे दिवे लावले तरी सगळ्यांची पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तो माणूस पुढच्या वेळी बोलावला जात नाही.

दीर्घिकेतले सुटे तारे दिसतात का? मला तर दिसले.

तुम्हाला दिसले ते आपल्या आकाशगंगेतले, वाटेत असलेले. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे. तिच्यातला एक रूपविकारी (तेज कमीजास्त होणारा) तारा खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२३ मध्ये ओळखला तो माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या फोटोंवरून, आणि त्यावरूनच ती आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे ठरलं.

अपवाद अतिनवताऱ्याचा (सुपरनोव्हा, स्फोट होऊन उजळलेला तारा). मे २०२३ मध्ये एम १०१ मध्ये एक अतिनवतारा फुटला. जपानच्या कोइची इतागाकी यांनी तो शोधला आणि काही दिवसांतच तो ११ व्या प्रतीपर्यंत उजळला. सहा-आठ इंचीत तो ठिपका साध्या ताऱ्यासारखा दिसत होता, आणि उजेडाच्या आकाशात तर भोवतालची दीर्घिका मुळीच न दिसता दोन कोटी प्रकाशवर्षांवरचा एकटा तारा दिसत होता. पसरट वस्तू आणि बिंदू यातला फरक याहून चांगला कुणी समजावून देणार नाही.

एम ८७ मधलं कृष्णविवर?

नाही. त्याचं २०१९ चं गाजलेलं चित्र पृथ्वीभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींनी मिळून काढलं. तुमच्या दुर्बिणीत एम ८७ म्हणजे एक गोल, मध्ये उजळ पुंजका. पण त्याच भागात, उत्तरा फाल्गुनीच्या ताऱ्याच्या पूर्वेला, एम ८४ आणि एम ८६ पासून सुरू होणारी दीर्घिकांची रांग आहे. आठ इंची घेऊन नुसती हळूहळू सरकवत जा. नकाशा नसला तर कुठली कुठली हे कळेनासं होतं, इतक्या आहेत.

सगळ्यात लांबचं काय दिसू शकतं?

कन्येतला ३सी २७३ हा क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचा झगझगीत गाभा. जवळपास तेराव्या प्रतीचा, म्हणून काळं आकाश, आठ-दहा इंची दुर्बीण आणि तपशीलवार नकाशा लागतो. दिसतो तो एक क्षुल्लक तारा, शेजारच्या ताऱ्यांपेक्षाही क्षुल्लक. अंतर दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून जास्त. यात बघण्यासारखं काही नाही. तरी मी दरवर्षी शोधतो.

फिल्टर लावून शहरातून बघता येईल?

तेजोमेघांसाठीचे फिल्टर ठरावीक तरंगलांबीचाच उजेड आत घेतात. दीर्घिकेचा उजेड ताऱ्यांचा, सगळ्या तरंगलांबींत पसरलेला. फिल्टर आकाशाबरोबर तिलाही मंद करतो. पैसे वाचवा.

स्मार्ट टेलिस्कोप घेऊ का?

पडद्यावर बघायचं असेल तर जरूर. ५० मिमीच्या भिंगाचं ते छोटं यंत्र दहा-दहा सेकंदांचे फोटो आपोआप रचतं आणि काही मिनिटांत गच्चीवरूनही एम ५१ च्या भुजा मोबाइलवर आणतं, ज्या आठ इंचीतून डोळ्याला दिसत नाहीत. शाळेतल्या मुलांना दाखवायला उत्तम. मात्र तो फोटो आहे. माझ्याबरोबरच्या काही जणांनी तो घेतल्यावर डॉब विकून टाकली, काहींनी महिन्याभरात तोच विकला. कुणाला काय हवं ते आधी ओळखा.

मी सिडनीला राहते. इथून काय वेगळं?

तुमच्याकडे दोन दीर्घिका उघड्या डोळ्यांना दिसतात: मॅगेलनचे मोठा आणि छोटा मेघ, अनुक्रमे एक लाख साठ हजार आणि दोन लाख प्रकाशवर्षांवर. पुण्यातून मोठा मेघ क्षितिजाच्या जेमतेम दीड अंश वर येतो, म्हणजे येतच नाही. हे मेघ बघायला सिडनीच्या बाहेर जा आणि द्विनेत्री न्या. एनजीसी २५३ आणि एनजीसी ५१२८ तुमच्या जवळजवळ डोक्यावरून जातात. देवयानी उत्तरेला १५ अंशांवर कशीबशी दिसेल. एम ८१-८२ मात्र तिथे उगवतच नाहीत. त्यांच्यासाठी मार्चची सुट्टी काढून इकडे या.